तोलामोलाचे वैरी : गुन्हेगारी चित्रपटांतील क्षमा आणि पालि साहित्यातील अवेर

फ्रेंच दिग्दर्शक झाँ-पिएर मेलव्हिल यांच्या ‘ल सर्क्ल रूज’ म्हणजे ‘लाल वर्तुळ’ या १९७० सालच्या चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर काही ओळी उमटतात. शाक्यमुनी बुद्धांनी लाल खडू घेऊन एक वर्तुळ काढले आणि ज्यांची गाठ पडावयाची आहे ती माणसे कितीही भिन्न वाटांनी गेली तरी नेमल्या दिवशी त्या वर्तुळात एकत्र येणारच असे सांगितले, असा त्या ओळींचा आशय आहे. खाली रामकृष्णांचे नाव दिले आहे. तिपिटकात असा प्रसंग नाही आणि असे वचनही नाही. मेलव्हिल यांनी ते स्वतःच रचले होते. त्यापूर्वी १९६७ साली ‘ल सामुराई’ या चित्रपटाच्या आरंभी त्यांनी असेच एक स्वरचित वाक्य जपानी बुशिदोच्या नावावर घातले होते. कलावंताची एक लकब म्हणून याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु या बनावट वचनात जो विचार आहे तो पुढील अनेक गुन्हेगारी चित्रपटांच्या मुळाशी आढळतो, आणि वैऱ्यांमधील मान व क्षमा यांविषयी हे चित्रपट जे सांगतात त्याला बुद्धांचे नाव लागले की बुद्धिभेद होतो. म्हणून पालिच्या अभ्यासकांनी या विषयात लक्ष घालणे अस्थानी ठरू नये.

‘लाल वर्तुळा’ची कथा थोडक्यात अशी. कोरे हा तुरुंगातून सुटलेला चोर आहे. व्होजेल हा आरोपी आगगाडीतून नेला जात असता मात्तेई या पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यातून निसटतो. हे दोघे यान्सेन या माजी पोलीस नेमबाजाला बरोबर घेऊन पॅरिसच्या प्लास व्हांदोम येथील जवाहिऱ्याचे दुकान फोडतात. तो प्रसंग सुमारे २५ मिनिटे संवादाविना चालतो, आणि तो अप्रतिम आहे हे मान्य केले पाहिजे. शेवटी मात्तेई चोरीचा माल विकत घेणाऱ्याच्या वेषात येतो आणि तिघेही गोळ्यांना बळी पडतात. चोर एकमेकांशी इमान राखतात. त्यांना मारणारा अधिकारीही घरी आपल्या मांजरांना जेवू घालणारा, मितभाषी, जवळजवळ सज्जन मनुष्य आहे. कोणी कोणाचा द्वेष करीत नाही. वर्तुळ आखलेले आहे, माणसे त्यात येतात आणि मरतात.

हा विचार बुद्धांचा तर नव्हेच. तो त्यांच्या एका समकालीन प्रतिपक्षाचा आहे. सामञ्ञफलसुत्तात मक्खलि गोसालाचे जे मत नोंदलेले आहे त्यानुसार प्राण्यांच्या शुद्धीला वा मलिनतेला काही कारण नाही, पुरुषार्थ नाही, सर्व काही नियतीने ठरलेले आहे. फेकलेला सुताचा गुंडा जसा सूत संपेपर्यंत उलगडत जातो तसा प्रत्येक जीव आपली फेरी पुरी करतो. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तथागतांनी विणलेल्या वस्त्रांत माणसाच्या केसांची कांबळी जशी सर्वांत निकृष्ट, तसा श्रमणांच्या मतांत मक्खलीचा वाद निकृष्ट ठरवला आहे. थंडीत थंड, उन्हात गरम आणि अंगाला दुर्गंध देणारी अशी ती कांबळी. मेलव्हिल यांनी गोसालाची कांबळी तथागतांच्या खांद्यावर टाकली आहे.

हा भेद केवळ पंडिती नाही. सर्व काही नेमलेले असेल तर अपराध कोणाचाच नाही, आणि अपराध नसेल तर क्षमेलाही विषय उरत नाही. मग दोन वैऱ्यांमध्ये उरते ती एकमेकांच्या कौशल्याची ओळख. गुन्हेगारी चित्रपट या ओळखीलाच क्षमा म्हणतात, किंबहुना क्षमेहून उंच असे काही म्हणतात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे मायकेल मान यांचा ‘हीट’ (१९९५). नील मॅकॉली हा दरोडेखोर आणि व्हिन्सेंट हॅना हा लॉस एंजेलिसचा पोलीस अधिकारी. रॉबर्ट डी नीरो व अल पचिनो हे १९७४ च्या ‘द गॉडफादर भाग २’ मध्ये दोघेही होते, परंतु पडद्यावर समोरासमोर ते येथेच प्रथम आले. पाठलाग करणारा हॅना मॅकॉलीची गाडी थांबवतो आणि त्याला कॉफी प्यायला नेतो. या कल्पनेला सत्याचा आधार आहे. शिकागोतील पोलीस अधिकारी चक अॅडमसन आणि त्याने १९६४ साली ठार केलेला खराखुरा नील मॅकॉली यांची अशी भेट झाली होती. चित्रपटातील त्या मेजावर दोघे आपापल्या एकाकीपणाविषयी बोलतात, स्वप्ने सांगतात, आणि वेळ आल्यास एकमेकांना मारण्यास कचरणार नाही असे शांतपणे बजावतात. शेवटी विमानतळाच्या धावपट्टीजवळ हॅनाची गोळी मॅकॉलीला लागते आणि मरणाऱ्याचा हात मारणाऱ्याच्या हातात असतो. चित्रपटगृहातील प्रेक्षक या दृश्याने गहिवरतात, आणि आम्हीही त्या छायाचित्रणाचे व संगीताचे मोल जाणतो.

परंतु कॉफीच्या मेजावरचे एक वाक्य आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. हॅनाला स्वप्न पडते. ज्यांच्या खुनांचा तपास त्याने केला ते सर्व मृत एका मोठ्या मेजाभोवती बसले आहेत, त्याच्याकडे पाहत आहेत आणि काहीच बोलत नाहीत. असे सांगून तो थांबतो. मॅकॉली आपले बुडण्याचे स्वप्न सांगतो. आणि संभाषण पुढे जाते. मृत पुन्हा मेजावर येत नाहीत. चित्रपटाच्या आरंभी रोकड वाहून नेणाऱ्या गाडीवर दरोडा पडतो तेव्हा तीन रक्षक मारले जातात, त्यांतील शेवटचा केवळ साक्षीदार उरू नये म्हणून. त्या तिघांच्या वतीने कोण कोणाला क्षमा करणार? कोणी करत नाही, कारण तो प्रश्न कोणी विचारीत नाही.

याच चित्रपटात डॉनल्ड ब्रीडन नावाचे पात्र आहे. हा कृष्णवर्णीय मनुष्य शिक्षा भोगून सुटला आहे व एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करतो. त्याचा मालक, तो पॅरोलवर असल्याचा फायदा घेऊन, त्याच्या मजुरीतला चौथा हिस्सा कापून घेतो आणि वर अपमान करतो. घरी त्याची स्त्री लिलियन आहे. तो सरळ मार्गाने चालतो याचा तिला अभिमान आहे. ऐन वेळी चालक कमी पडला म्हणून मॅकॉली त्या उपाहारगृहात येऊन त्याला विचारतो आणि ब्रीडन क्षणात हो म्हणतो. बँकेबाहेरच्या चकमकीत तो गाडीतच मारला जातो. लिलियनला हे दूरचित्रवाणीवरील बातमीतून कळते. दोन तासांहून कितीतरी अधिक लांबीच्या या चित्रपटात ब्रीडनला जेमतेम काही मिनिटे मिळाली आहेत आणि त्याचा हात कोणीही हातात घेतलेला नाही. मायकेल मान यांनी हे पात्र निर्माण केले हे त्यांचे श्रेय, यात वाद नाही. पण ज्या सन्मानाची पताका चित्रपट शेवटी उभारतो तिच्या सावलीत ब्रीडनला जागा नाही.

येथे पालितील एका संज्ञेचा विचार करणे आवश्यक आहे. मराठीत ‘मान’ म्हणजे आदर. पालित ‘मान’ हे एक संयोजन, एक बंधन आहे. दहा संयोजनांत त्याची गणना होते आणि ते अर्हत्पदी पोहोचेपर्यंत तुटत नाही. त्याचे तीन प्रकार संयुत्तनिकायात सांगितले आहेत. मी श्रेष्ठ आहे, मी हीन आहे, आणि तिसरा, ज्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही : मी याच्या बरोबरीचा आहे. यास सदिसमान म्हणतात. मराठीत आपण ‘तोलामोलाचा प्रतिस्पर्धी’ म्हणतो, त्यात तोलही आहे आणि मोलही; कोणाला तरी तराजूत घातल्याखेरीज ही पदवी देता येत नाही. (पालि ‘मान’ शब्दाचा धातू ‘मन्’, मापनवाचक ‘मा’ नव्हे, हे आम्ही विसरलो नाही, अर्थाचे साम्य मात्र बोलके आहे.) हॅना आणि मॅकॉली एकमेकांना तोलतात, काटा मध्यावर स्थिरावतो, आणि या स्थिर काट्यालाच चित्रपट मैत्री समजतो.

यावर आमचा वाचक एक आक्षेप निश्चित घेईल. बरोबरीची भावना हेही बंधन असेल, तर मग समतेचे काय? ज्या समाजाने शतकानुशतके हीन म्हणवून घेतले त्याला ‘मी तुझ्या बरोबरीचा’ असे म्हणू नकोस हे सांगणे हा कोणता धम्म? आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. वासेट्ठसुत्तात तथागत गवत, कीटक, सर्प, मासे, पक्षी यांच्या जातिभेदक खुणा सांगतात आणि मग म्हणतात की माणसांत अशी जन्मसिद्ध खूण नाही. तेथे कोणाला तराजूत घालून बरोबर ठरवलेले नाही. तराजूच मोडला आहे. समता ती ही. सदिसमानात तराजू शाबूत राहतो, दोघांनाच त्यात प्रवेश मिळतो, आणि ब्रीडनसारखे बाकीचे सारे बाहेर, मोजण्याच्याही लायकीचे नसलेले, म्हणून राहतात. तेव्हा चित्रपटांतील वीरांचा परस्परसन्मान हा समतेचा नमुना नव्हे, एका लहानशा वर्णाची ती आपसांतील सोयरीक आहे.

जाता जाता एक नोंद. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिलेला, गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ (१९८३) या बाबतीत अधिक सावध आहे. मुंबईचा फौजदार वेलणकर आणि गुंड रामा शेट्टी यांच्यातही तोलामोलाची भाषा चालते. परंतु वेलणकर शेट्टीच्या दारी जातो तो त्याने कोठडीत एका किरकोळ चोराला मारून टाकले म्हणून. या दोन वैऱ्यांच्या भेटीत तो मेलेला चोर सतत उपस्थित आहे. त्याला मेजावरून उठवलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. क्षमा म्हणजे काय? पालि ग्रंथांत यासाठी एक निश्चित विधी आहे. ज्याच्याकडून अपराध घडला त्याने तो अपराध म्हणून पाहावा, धम्मानुसार त्याची दुरुस्ती करावी आणि पुढे संयम पाळावा. मग ज्याचा अपराध झाला त्याने ती कबुली स्वीकारावी. अंगुत्तरनिकायात दोन प्रकारचे मूर्ख सांगितले आहेत : अपराध अपराध म्हणून न पाहणारा एक, आणि रीतसर कबुली दिलेली असूनही न स्वीकारणारा दुसरा. क्रम ध्यानात घ्यावा. स्वीकाराची अपेक्षा कबुलीनंतरची आहे. आपल्याकडे गावोगावी अत्याचाराच्या प्रकरणांत फिर्यादीच्या दारात जी माणसे येतात ती कबुली घेऊन येत नाहीत, ‘मिटवून घ्या’ हा सल्ला घेऊन येतात, आणि अनेकदा त्या सल्ल्याला बुद्धांच्या करुणेचा मुलामा दिलेला असतो. करुणेच्या नावाने दुर्बलाकडूनच आधी हात पुढे करविणे याला पालित आधार नाही.

दीघावुकुमाराची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. विनयपिटकाच्या महावग्गातील कोसम्बकक्खन्धकात ती येते. काशीचा बलाढ्य राजा ब्रह्मदत्त कोसलचे लहान राज्य जिंकतो. कोसलराजा दीघीति पत्नीसह वाराणसीत एका कुंभाराच्या घरी वेष पालटून राहतो. त्याचाच पूर्वीचा न्हावी त्याला पकडून देतो. मुंडन करून, नगारा वाजवीत, चौकाचौकांतून फिरवून राजाराणीचे तुकडे केले जातात. मरताना दीघीति गर्दीतल्या आपल्या मुलाला उद्देशून बोलतो. वैर लांबवू नये, स्नेह घाईने तोडू नये आणि वैराने वैर शमवता येत नाही असा त्याचा अर्थ आहे. लोकांना वाटते, राजा भ्रमिष्ट झाला. दीघावु पहारेकऱ्यांना दारू पाजून आईवडिलांचे दहन करतो, हत्तीशाळेत उमेदवारी करतो, आपल्या वीणावादनाने ब्रह्मदत्ताच्या मर्जीस उतरतो आणि त्याचा विश्वासू सेवक बनतो.

मग तो प्रसंग, ज्याचा हेवा कोणत्याही गुन्हेगारी पटकथाकाराला वाटावा. शिकारीत सैन्यापासून दूर रथ नेलेला, दमलेला राजा दीघावुच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेला. दीघावु तलवार उपसतो, पित्याचे शब्द आठवून म्यान करतो. तीनदा. राजा दचकून उठतो. कोसलचा राजपुत्र आपल्यावर चालून आला असे स्वप्न त्याला पडलेले असते. दीघावु डाव्या हाताने त्याचे डोके धरतो, उजव्याने तलवार काढतो आणि आपली ओळख सांगतो. राजा जीवदान मागतो. दीघावु म्हणतो की जीवदान देणारा मी कोण, ते महाराजांनीच मला द्यावे. दोघे एकमेकांना जीवदान देतात, हातात हात घेतात आणि द्रोह न करण्याची शपथ घेतात.

हातात हात येथेही आहे. पण ‘हीट’मधला हात मरणाऱ्याचा आहे आणि येथे दोघेही जिवंत आहेत, जिवंत माणसांना पुढे काहीतरी करावे लागते. ब्रह्मदत्त राजधानीत परततो, दीघावु दिसला तर काय कराल असे अमात्यांना विचारतो, ते हातपाय तोडण्याच्या गोष्टी बोलतात, तेव्हा तो दीघावुला भर दरबारात प्रकट करतो आणि यास कोणी काही करू नये असे जाहीर करतो. नंतर त्याच्या पित्याचे सैन्य, वाहने, प्रदेश, कोष आणि कोठारे परत देतो. विनयकारांनी ही यादी गाळलेली नाही. जे लुटले ते परत केले, आणि सर्वांसमक्ष केले. शिवाय राजपुत्र आणि सम्राट बरोबरीचे नव्हते. एकाकडे काशीचे साम्राज्य, दुसऱ्याकडे एक तलवार आणि तीही क्षणभरच. तलवार हाती असताना ती म्यान करणे आणि तलवार कधीच हाती नसताना गप्प बसणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे या कथेवरून प्रवचन करणाऱ्यांनी विसरू नये. ही कथा तथागतांनी भांडणाऱ्या कोसंबीच्या भिक्खूंना सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, आपण यात पडू नये असे तथागतांनाच सुचवले आणि भांडण चालू ठेवले. तथागत कोसंबी सोडून निघून गेले. पालि ग्रंथांचा हा प्रामाणिकपणा आम्हांस फार मोलाचा वाटतो.

हाँगकाँगचे दिग्दर्शक जॉन वू हे मेलव्हिल यांचे भक्त. त्यांच्या ‘द किलर’ (१९८९) मध्ये भाडोत्री मारेकरी आणि पोलीस अधिकारी यांच्यात तोच वीरसन्मान आहे, गोळ्यांचा पाऊस आहे, चर्चमध्ये उडणारी कबुतरे आहेत; त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट त्यात मेलव्हिल व मान यांच्यापेक्षा पुढची आहे. मारेकऱ्याच्या पिस्तुलाच्या झगमगाटाने एका गायिकेची दृष्टी जाते आणि पुढे भाडोत्री खुनाचे काम तो तिच्या शस्त्रक्रियेच्या पैशासाठी घेतो. भरपाईची जाणीव येथे आहे. पण भरपाई नव्या खुनांतून येते, म्हणजे पुढील संयमाचा भाग अजिबात नाही, आणि शेवटी त्याचेच डोळे जातात.

राहिला हाँगकाँगचाच ‘इन्फर्नल अफेअर्स’ (२००२), अँड्र्यू लाऊ आणि ॲलन मॅक यांचा. त्याच्या चिनी नावाचा संबंध थेट अवीचि नरकाशी आहे. चिनी शब्दाचा अर्थ ‘खंड नसलेला’ असा, आणि अट्ठकथाकारही ‘अवीचि’ची फोड जिथे ज्वालांत वा दुःखात अंतर नाही अशीच करतात. आरंभी निर्वाणसूत्राचा हवाला आहे. हे महायान सूत्र आहे, दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्त नव्हे. वाचकांनी घोटाळा करू नये. आणखी एक भेद असा की पालि परंपरेत नरक शाश्वत नसतो. मिलिंदपञ्हात देवदत्ताचेही दुःख संपून तो पुढे प्रत्येकबुद्ध होणार असे सांगितले आहे.

कथेत चान हा पोलीस गुंडांच्या टोळीत पेरलेला आणि लाऊ हा गुंड पोलिसांत पेरलेला. दोघांची पहिली गाठ ध्वनियंत्रांच्या दुकानात पडते. एकमेकांना न ओळखता ते शेजारी बसून एक गाणे ऐकतात. पुढे ओळख पटते. इमारतीच्या गच्चीवर चान लाऊच्या डोक्याला पिस्तूल लावतो. लाऊ म्हणतो, मला आता चांगला माणूस व्हायचे आहे, संधी दे. चान त्याला ते न्यायाधीशापुढे सांगायला सांगतो. अनेक प्रेक्षकांना चान येथे कठोर वाटतो. आमच्या मते गुन्हेगारी चित्रपटांत क्षमेविषयी एवढी समज इतरत्र आम्हांस आढळली नाही. लाऊ संधी मागतो, कबुली देत नाही. काही वेळापूर्वीच त्याने चानची पोलीस दलातील नोंद पुसून टाकली आहे, म्हणजे त्या माणसाची ओळखच चोरली आहे, आणि ती परत करण्याची भाषा त्याच्या तोंडी नाही. शिवाय त्याने ज्यांचा घात केला ते चान एकटाच नव्हे. त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार चानला नाही, हे चान जाणतो.

अंगुलिमालसुत्तातही हाच विवेक आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात पतित व गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात अंगुलिमालाला स्थान दिले. माणूस बदलू शकतो यावर त्यांचा विश्वास होता. राजा पसेनदि त्याला अभय देतो, चीवर देऊ करतो. पण श्रावस्तीत भिक्षेला निघालेल्या अंगुलिमालावर ढेकळे, काठ्या, खापऱ्या येऊन पडतात. डोके फुटते, पात्र फुटते, संघाटी फाटते. तथागत त्याला ते सोसायला सांगतात. दगड मारणारे कोण होते हे सुत्त सांगत नाही, त्यांची निंदा करीत नाही आणि त्यांनी क्षमा केली असा दावाही करीत नाही. राजाची क्षमा राजाची. ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांची गोष्ट वेगळी.

‘इन्फर्नल अफेअर्स’च्या शेवटी पोलिसांत पेरलेला दुसराच एक गुंड चानला उद्वाहकाच्या दारात गोळी घालतो, लाऊ त्यालाही मारतो आणि पोलीस अधिकारी म्हणूनच बाहेर येतो. चीनच्या मुख्य भूमीसाठी वेगळा शेवट चित्रित करण्यात आला, त्यात लाऊला अटक होते. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या २००६ च्या अमेरिकन आवृत्तीत, जिला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, लाऊच्या जागी असलेले पात्र गोळीने मरते. दोन्ही शेवट प्रेक्षकाला हिशेब पुरा झाल्याचे समाधान देतात आणि म्हणून दोन्ही कमी प्रतीचे आहेत. मूळ चित्रपटात चानची नोंद पुन्हा सापडते, त्याचे नाव त्याला मेल्यावर परत मिळते, आणि पोलिसी इतमामाने दफन होते. लाऊ गणवेषात कबरीसमोर उभा राहून सलाम करतो. दिसायला हा तोच वीरसन्मान आहे, ‘हीट’मधल्या हातासारखा. पण येथे सलाम करणारा अजून काहीच बोललेला नाही. आणि २००३ च्या तिसऱ्या भागात तो मनोभ्रंश होऊन स्वतःलाच चान समजू लागतो.